भर दिवसा लावलेलं दार

दार अंगणात उताणं पडलं होतं आणि मी भोंग्याच्या अंगावर धावून गेले होते. बटाटे उकरायचा काटा हातात तसाच होता. शेतातून पळत सुटले ती तो घेऊनच, टाकून यायचं भानच राहिलं नाही.

“काय केलंस हे, मावशी? डोळ्यांत माती गेली होती का तुझ्या? पोरीच्या एवढ्या वर्षांच्या कष्टांवर नांगर फिरवलास की गं!”

भोंगा म्हणजे आमची शेजारीण. वयानं सासूबाईंच्या बरोबरीची. तिचं खरं नाव आता तिलाही आठवत नसेल. ती आपल्या ओट्यावरून हाक मारते तेव्हा ओढ्यापलीकडची गुरं मान वर करून बघतात, म्हणून गावानं नाव ठेवलं भोंगा. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडातून अक्षर फुटत नव्हतं. मोकळ्या चौकटीला हात लावून ती नुसती उभी होती. तिच्यामागं लोहार. हातात पहार, आणि चेहरा असा की दुसऱ्याच्या शेतात कणसं मोडताना सापडलाय.

“अक्का, माझ्यावर नका ओरडू. हिनंच मला भट्टीवरून ओढत आणलं. म्हणाली, आतून कडी आहे, पोरगी ओ देत नाही, फोड दार. मी फोडलं.”

“फोडलंस! कुणाला विचारलंस? देवानं तुला पहार दिली, डोकं द्यायचं तेवढं राहून गेलं.”

मला गावात सगळे अक्काच म्हणतात आणि माझ्या तोंडाला सगळे भितात. भ्यावंच. त्या दिवशी तर मी कुणालाच सोडायच्या बेतात नव्हते.

आत माझी धाकटी जाऊ बसली होती. टेबलासमोर, ताठ, हात मांडीवर. रडत नव्हती. समोरच्या लॅपटॉपवर लाल पट्टी आली होती आणि तिच्यात लिहिलं होतं की खोलीत दुसरी व्यक्ती आढळल्यामुळे परीक्षा थांबवण्यात आली आहे. थांबवली. बैलगाडी थांबवावी तशी. शेवटचा पेपर, तोही निम्म्याच्या पुढं गेलेला.

धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा तिचं कॉलेज अर्ध्यावर होतं. ‘लग्नानंतर शिकू देऊ’ असं बोलणं झालं होतं. बोलणी काय, बैल घेतानाही होतात. ती घरात आली आणि तिच्या हातात आधी शेणाची पाटी आली, मग पोर आलं, आणि कॉलेज राहिलं ते राहिलंच. पुढं गावच्या शाळेत मास्तर टिकेना, तेव्हा तिला हंगामी बाई म्हणून घेतलं. पोरं तिच्यावर जीव टाकायची. जी पोरं शाळेच्या नावानं झाडावर चढून बसायची ती खाली उतरून वर्गात बसायला लागली. मग वरून हुकूम आला की नव्या वर्षापासून पदवी नसलेली बाई चालणार नाही. इतकी वर्षं चालली, ती आता चालेना.

म्हणून तिनं हे घरबसल्या शिकायचं खूळ घेतलं. खूळ हा सासूबाईंचा शब्द, माझा नाही. शाळा सुटली की ती शेतावरच्या छपरात यायची. आम्ही दोघी बटाटे निवडत बसायचो. मोठे या पेटीत, बारके त्या पेटीत, किडका पाटीत. फोन खांबाला पिशवीत टांगलेला आणि त्यातून प्राध्यापक बोलतोय. माझ्या डोक्यावरून सगळं जायचं, पण त्या माणसाच्या आवाजाची सवय झाली होती. एकदा तो शिंकायला लागला तर मला काळजीच लागली. परीक्षेआधी तोच धडा पुन्हा लावला, तर पुन्हा त्याच जागी तीच शिंक. तेव्हा कळलं की हा बाबा कधीचा बरा होऊन घरी बसलाय आणि आपण इथं उगाच जीव जाळतोय.

सासूबाईंनी अट घातली होती. “एकदाच काय ते होऊ दे. पास झालीस तर शाळा तुझी. नाहीतर गोठा आहेच. परत पुस्तकाचं नाव काढायचं नाही.” धाकटी हो म्हणाली. तिच्यापुढं दुसरं काय होतं?

आणि परीक्षा कशी, तर घरी बसून द्यायची. ऐकायला केवढी सोय! नियम बघा आता. खोलीत एकटं बसायचं. दार आतून बंद. डोळे पडद्यावरून हलवायचे नाहीत. ओठ हलवायचे नाहीत. धाकटीला लहानपणापासून ओठ हलवत वाचायची खोड, ती मोडता मोडता तिचा जीव मेटाकुटीला आला. आणि तोंडातून आवाज काढायचा नाही. आवाज आला की यंत्र समजणार, कुणीतरी उत्तर सांगतंय. ज्यानं हे नियम केले त्यानं माणसांनी भरलेलं घर बघितलं होतं का कधी? आमच्या घरात एकटं बसायची जागा म्हणजे विहिरीचा तळ.

तरी आम्ही केलं. दोन खोल्यांचं घर आमचं, त्यातली बाहेरची खोली तिला दिली, कारण फोनची रेंज फक्त दाराजवळ येते. टेबल दाराला लागूनच मांडलं. कुत्रं माझ्या माहेरी पाठवलं. गिरणीवाल्याला जाऊन सांगितलं की दिवस कलेपर्यंत पट्टा फिरला तर मी तुला फिरवीन. शेळ्या रानात. पोरं शाळेत. आणि सगळ्यात शहाणपणा म्हणजे घरातलं एकूण एक माणूस शेतावर. सासूबाईसुद्धा. घरात कुणी नको म्हणून अंगणातही कुणी ठेवलं नाही. मी स्वतः सगळ्यांना हाकलून काढलं होतं आणि मागं वळून बघितलं तर अंगण कसं चिडीचूप. मला फार बरं वाटलं होतं.

आवाजाचा विचार केला. दाराचा कुणीच केला नाही.

आमच्या गल्लीत दिवसा दार लावत नाहीत. माणूस आजारी असो, झोपलेला असो, घरात भांडण पेटलेलं असो, दार उघडं. कामाला जाताना कुलूप घालतात ते बाहेरून, ते दिसतं. पण माणूस आत आणि कडीही आतून, असं भर दिवसा आमच्याकडं होत नाही. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही.

भोंगा बहिणीकडं गेली होती. परीक्षेचं आम्ही गावभर सांगितलं, पण ती नव्हती, तिला कुठून कळणार? आणि लोहाराला ठाऊक असूनही तिच्या आकांतापुढं त्याला काही सुचलं नाही. त्याच दुपारी ती परत आली. आमचं दार लावलेलं. बाहेर कुलूप नाही. अंगणात कुत्रं नाही, कोंबडं नाही, माणूस नाही. तिनं हाक मारली. आतून ओ नाही. मग ती दाराशी आली आणि फटीतून तिला धाकटीच्या चपला दिसल्या.

हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मी काटा घेऊन तिच्यापुढं उभी होते आणि माझं तोंड सुटलं होतं. “तुला हाक मारायची हौस! सगळ्या गावाला जागं करायचा मक्ता घेतलाय ना तू! ओ नाही आली तर जायचं ना गपगुमान आपल्या घरी!”

तेव्हा ती बोलली. एवढ्या हळू की मला पुढं वाकावं लागलं.

“गेले होते गं मी. एकदा अशीच गेले होते. माझ्या पोरीनं दार लावलं होतं. मी हाक मारली, तिनं ओ दिली नाही. म्हटलं, भांडून झोपली असेल. झोपू दे. आणि मी पाणी आणायला निघून गेले.”

गल्लीत सगळी माणसं जमली होती. लोहारानं पहार भिंतीला टेकवली. सासूबाई मागून आल्या, भोंग्याला धरून ओट्यावर बसवलं आणि माझ्या हातातला काटा काढून घेतला. भोंग्याच्या घराला दार नाही. तेव्हापासून नाही. चौकटीला गोणपाट लावलेलं असतं, थंडीतसुद्धा. मी रोज बघते ते. रोज बघते, आणि त्या दिवशी मला ते आठवलं नाही.

माझा राग गेला असं समजू नका. राग होताच, त्याला कुणाच्या अंगावर सोडावं ते मात्र कळेना. धाकटी बाहेर आली. मला वाटलं, आता ही रडेल, आणि मी जवळ घ्यायला हात पुढं केले. तिनं अंगणातल्या बादलीला अशी लाथ घातली की बादली लोहाराच्या पायाशी जाऊन आदळली.

“मला ऐकू येत होतं, अक्का! पहिल्या हाकेपासून ऐकू येत होतं. मावशी दारावर डोकं आपटत होती आणि मी आत बसून उत्तर लिहीत होते. एक शब्द बोलले असते, ‘आहे’ एवढाच, तर सगळं तिथंच थांबलं असतं. पण आवाज काढायचा नाही ना! कसला नियम आहे हा? दाराबाहेर माणूस जिवाच्या आकांतानं हाका मारतंय आणि आपण ओ द्यायची नाही! आणि मी नाही दिली. माझीही अक्कल शेण खायला गेली होती.”

तिचा तो आवाज घरातल्या कुणी आजवर ऐकला नव्हता. भावजी, म्हणजे तिचा नवरा, कोपऱ्यात उभा होता तो आणखी कोपऱ्यात सरकला.

त्यानंतर विद्यापीठाचं पत्र आलं फोनवर. बाहेरच्या व्यक्तीच्या मदतीनं उत्तरं लिहिल्याचा संशय आहे, सबब सुनावणीला हजर राहावं. दोषी ठरल्यास आधीचेही सगळे पेपर रद्द. जेवताना भावजी म्हणाला, “सोड आता. हसं झालं तेवढं पुरे. कॉपी करताना पकडली असं गावभर झालंय.”

“कुणी केलं गावभर?” मी विचारलं.

“लोक बोलतात, वहिनी.”

“लोक बोलतात आणि तुम्ही ऐकून घेता. बायकोला कुणी चोर म्हटलं तर माणूस निदान हातातला घास तरी खाली ठेवतो. तुमचा दुसरा घास चाललाय.”

त्यानं घास ठेवला. सासूबाई त्याच्या ताटात परत वाढायला उठल्या नाहीत. तेवढं माझ्यासाठी पुष्कळ होतं.

सुनावणीही त्या यंत्रावरच, आणि तिथंही नियम तोच. अर्जदारानं बंद खोलीत एकटं बसावं. दार अजून अंगणातच होतं, कारण सुतार आज येतो, उद्या येतो करत होता. धाकटी त्या मोकळ्या चौकटीला पाठ करून बसली. मी बाहेर खिडकीशी. पडद्यावर तिघं होते. एक चष्मेवाले साहेब, एक बाई, आणि एक तरुण माणूस जो सारखा बाजूला बघत होता. त्याचे डोळे पडद्यावरून हलले म्हणून त्याला कुणी उठवलं नाही.

“सुनावणी गोपनीय असते,” चष्मेवाले म्हणाले. “कृपया मागचं दार बंद करा.”

“दार नाही,” धाकटी म्हणाली.

“म्हणजे?”

“दार अंगणात पडलंय. त्याचीच सुनावणी आहे.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग ते वाचून दाखवायला लागले की परीक्षा चालू असताना खोलीत दोन व्यक्ती शिरल्या, त्यांतल्या एका वृद्ध स्त्रीनं परीक्षार्थीच्या चेहऱ्याला आणि मानेला हात लावला, आणि तिच्या कानाशी काहीतरी सांगितलं. आवाज स्पष्ट नाही. तरी त्या स्त्रीनं काय सांगितलं याचा खुलासा परीक्षार्थीनं करावा.

“करते की,” धाकटी म्हणाली. तिची मान लाल झालेली मला खिडकीतून दिसत होती. “ती म्हणाली, ‘जिवंत आहेस ना गं?’ तुमच्या पेपरात असा प्रश्न होता का, साहेब? कितव्या नंबरला होता? कारण मी त्याचं उत्तर दिलं. हो म्हटलं. तेवढ्याच एका उत्तरासाठी तुम्ही मला चोर ठरवताय.”

तेवढ्यात चौकटीत सावली पडली. भोंगा. मी तिला घरी बसवून आले होते, पण ती कसली बसते.

“मागे कोण आहे?” साहेब म्हणाले. “आपल्याला एकटं बसायला सांगितलं होतं.”

“मावशी, आत ये,” धाकटी म्हणाली आणि शेजारची खुर्ची ओढली. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, झालं, हेही रद्द.

भोंगा बसली. यंत्रात तोंड घालून बघायला लागली, पडद्यावर तिचं नुसतं नाक आणि एक डोळा दिसत असेल. ती बाई तिच्याशी जरा बऱ्या आवाजात बोलली. “आजी, परीक्षा चालू आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं का?”

“नव्हतं. मी गावाला गेले होते.”

“मग आतून आवाज आला नाही, तेव्हा थोडं थांबायचं तरी.”

“किती थांबायचं?” भोंग्यानं विचारलं. ती भांडत नव्हती. खरंच विचारत होती. “तुमच्या पुस्तकात लिहिलं असलं तर सांगा, बाई. पोरगी ओ देत नाही. किती थांबायचं असतं?”

तो बाजूला बघणारा माणूस पहिल्यांदा समोर बघायला लागला. साहेबांनी निर्णय कळवण्यात येईल म्हणून सांगितलं आणि पडदा काळा झाला.

निर्णय आला. कॉपीचा आरोप मागं घेतला होता. आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडणार तोच धाकटीनं खालचं वाचलं. तो पेपर पुन्हा द्यायचा. त्याच पद्धतीनं. खोली बंद, दार बंद, परीक्षार्थी एकटा, आवाज नाही. आणि पुन्हा काही व्यत्यय आला तर संधी मिळणार नाही.

मी एवढी भडकले की सासूबाईंनी माझ्यापुढची भांडी उचलून आत नेली. अरे, वैद्यानं रोग ओळखला आणि औषध तेच दिलं! दाराखाली माणूस चेंगरलं, तर म्हणे दार परत लावा. मी म्हटलं, मी जाते तिकडं, त्या चष्मेवाल्याला भेटते. तर त्यांचं ऑफिस कुठं आहे ते पत्रात कुठंच नव्हतं. भांडायचं तर समोर माणूस तरी पाहिजे! तोही ठेवलेला नाही त्यांनी.

सुतारानं शेवटी दार बसवलं, तेही तिरपं. बिजागऱ्या वाकल्या होत्या म्हणून खालून तासलं, आणि उंबऱ्यावर चांगली हाताची बोटं जातील एवढी फट ठेवली. मी त्यालाही सोललं. “उंदरांना पाहुणचाराला बोलवायचंय का?” तो म्हणाला, नंतर पट्टी मारून देतो. त्याचं नंतर म्हणजे आमच्या नातवंडांच्या लग्नात.

पेपरच्या आदल्या दिवशी भोंगा आली. हातात बारीक सुताची दोरी. आल्या आल्या म्हणाली, “उद्या मी दाराशी बसते. कुणाला जवळ फिरकू देत नाही.”

सासूबाईंना हसू आवरेना. “तू? आणि गप्प?”

“गप्प बसेन. पण दार लावलेलं बघवत नाही गं मला. आत काय चाललंय कळत नाही, तोवर माझ्या हातात माझा जीव नसतो. मला ओ नको. मला नुसतं कळायला पाहिजे.” आणि तिनं दोरी पुढं केली. “माझी गाय व्यायला आली की मी हिचं एक टोक तिच्या पायाला बांधते, एक माझ्या मनगटाला. ती हलली की मला कळतं. झोपेतसुद्धा कळतं.”

धाकटीनं दोरी हातात घेतली. दाराखालच्या फटीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं.

“नियमात बसत नाही हे,” ती म्हणाली.

“नियम गेला खड्ड्यात,” मी म्हटलं. “यंत्राला ऐकू येणार नाही ना? मग झालं.”

दुसऱ्या दिवशी यंत्रानं आधी सगळी खोली फिरवून दाखवायला लावली. भिंती, पलंगाखाली, टेबलाखाली. ती दाखवून झाली, पेपर सुरू झाला, तेव्हा भोंग्यानं बाहेरून दोरीचा फास फटीतून हळूच आत सरकवला. आतून धाकटीनं तो पायाच्या अंगठ्यात धरला असणार, कारण दोरी एकदा ताणली आणि सैल झाली. भोंग्यानं डोळे मिटले. आहे.

ती दाराला पाठ टेकून बसली, दुसरं टोक मनगटाला गुंडाळून. मी अंगणाच्या तोंडाशी काठी घेऊन. या वेळी मी कुठंही जाणार नव्हते. ऊन चढलं. दूधवाला सायकल ढकलत आला, मी काठी दाखवली, तो सायकल खांद्यावर घेऊन गेला म्हटलं तरी चालेल. लोहार येऊन गेला, नुसता लांबून बघून. थोड्या थोड्या वेळानं भोंग्याचं मनगट हलायचं आणि ती माझ्याकडं बघून मान डोलवायची. गावाचा भोंगा, आणि श्वासाचासुद्धा आवाज नाही.

मग दोरी हलायची थांबली.

आधी मला वाटलं, वेळ लागतोय. सावली ओट्यावरून खाली उतरली. भोंगा मनगटाकडं बघत होती. तिनं दोरी जराशी ओढली. आतून काही नाही. परत ओढली. काही नाही. तिचा चेहरा असा पांढरा पडला की मी काठी टाकून धावले. ती उभी राहिली. उजवी मूठ दारावर आपटायला उचलली आणि तोंड उघडलं.

मी तिचा हात वरच्या वर धरला. दुसरा हात तिच्या तोंडावर ठेवायला गेले आणि राहिला तसाच. माझ्या हातून ते होईना. त्या उघड्या तोंडावर पोरीची शाळा टांगलेली होती, सगळे पेपर टांगलेले होते, आणि तरी मला तिला गप्प करता येईना. एकदा ती गप्प राहिली होती. तिला परत गप्प बस असं मी कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि खरं सांगते, आता मलाच त्या दाराची भीती वाटायला लागली होती. रेंज गेली असेल, चक्कर आली असेल, काहीही असेल. मी तिचा हात सोडला. म्हटलं, मार. गेली परीक्षा तर गेली.

भोंग्यानं मारला नाही. मूठ तशीच वर धरून ती माझ्याकडं बघत राहिली. ओठ मिटले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. त्या बाईनं तेव्हा काय गिळलं ते तिचं तिला माहीत.

आणि दोरी हलली. एकदा, मग लगोलग परत, मग धडाधडा, घंटेची दोरी ओढावी तशी. भोंगा भिंतीला धरून मटकन खाली बसली.

पुढचा वेळ आम्ही दोघी दाराशी बसून काढला. दोरी आमच्या दोघींच्या हातात होती.

कडी निघाली तेव्हा ऊन कललं होतं. धाकटी बाहेर आली, अंगठ्याला फास तसाच. भोंग्यानं आधी तिच्या गालावर एक ठेवून दिली, चांगली सणसणीत, आणि मग तो गाल धरून कुरवाळायला लागली.

“मावशी, एक प्रश्न फार अवघड होता गं,” धाकटी म्हणाली. “त्यात बुडाले. विसरलेच.”

“विसरलीस!” मी म्हटलं. “इकडं आमचे प्राण कंठाशी आणि ही विसरली! तुझ्या त्या पदवीला आग लाव, मेले!”

ती पास झाली. मार्क काही आकाशाला हात लावणारे नव्हते, पण शाळेला पुरले. भावजी आता चहाच्या टपरीवर सांगतो की घरचा पाठिंबा असला की बाई कुठंही पोचते. सांगू दे. दोरी नियमात बसत होती का, असं कुणी मला विचारलं तर मी सांगेन, नव्हती बसत. करा तक्रार. माझ्याकडं काठी आहे.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी आधी आत डोकावून बघितलं. यंत्र बंद होतं, पडदा काळा, वायर काढलेली. तरी खात्रीला मी ते मिटवून वर उशी ठेवली. मग बाहेर आले.

“मावशी,” मी म्हटलं, “आता ओरड.”

भोंग्यानं एका हातानं धाकटीला धरलं, मान वर केली आणि छाती भरून श्वास घेतला.

“बाहेर आली गंऽऽ! पोरगी बाहेर आली!”

ओढ्यापलीकडच्या गुरांनी माना वर केल्या.